डाव्या हाताची पेंढी

नाताळला आठवडा उरला की आमच्या सासूबाईंना दोन गोष्टींची घाई लागायची. एक कुलकुलांच्या, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोड शंखांच्या, पिठाची आणि दुसरी गोठ्याच्या पेंढ्याची. येशूबाळाचा गोठा दरवर्षी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मांडायचा आणि त्यात खरा पेंढा पसरायचा, हा त्यांच्या वसईच्या माहेरचा रिवाज. कुलकुलांना त्या मला हात लावू द्यायच्या नाहीत. माझी कुलकुलं तळताना उलगडतात असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते खोटं नव्हतं. पेंढ्याचं काम मात्र लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी माझ्या गळ्यात मारलं. "तू शेतकऱ्याची पोर. पेंढ्यातलं तुलाच कळणार," म्हणाल्या. मी नाइलाजाने केल्यासारखं हो म्हटलं. खरं सांगायचं तर वर्षभर मी त्या एका कामाची वाट बघत असे.

मी मुरबाड तालुक्यातली. माळशेजच्या रस्त्यावर टोकावडं आहे, त्याच्या अलीकडच्या फाट्यावर उतरून अर्धा तास चाललं की आमचं गाव. मी सातवीत असताना आई गेली. नंतर बाबांनी दुसरं लग्न केलं नाही, भाकऱ्या शिकले, माझ्या वेण्या घालायला शिकले, आणि बारावीनंतर सगळ्या भावकीचं नाक मुरडणं सहन करून मला कल्याणला नर्सिंगला पाठवलं. तिथे रेल्वेच्या लोकोशेडमधला एक फिटर हाताला प्लास्टर घालायला आला आणि प्लास्टर काढून झाल्यावरही येत राहिला. तो ख्रिस्ती होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आम्ही लग्न करायचं ठरवलं, आणि बाबांना सांगायला मी गावी गेले.

भाताच्या झोडणीचे दिवस होते. बाबा खळ्यात पेंढ्या बांधत बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आडवळणानं बोलणं मला जन्मात जमलेलं नाही. त्यांनी ऐकलं. हातातली पेंढी पुरी बांधली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, "तुजं तूच ठरवलंस ना? मंग या घराची वाट इसर." एवढंच बोलून त्यांनी पुढची पेंढी ओढली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चार उलट दिल्या असत्या, दोघं रडलो असतो आणि मोकळे झालो असतो.

आता मीही त्याच बापाची लेक. खाण तशी माती. वाट विसर म्हणालात ना, मग बघा कशी विसरते ते, असं मनाशी म्हणत मी आले ती सहा वर्षं त्या फाट्यावर उतरले नाही. मुलगी झाली तेव्हा एक कार्ड टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही, तेव्हा दुसरं टाकलं नाही. मनात मात्र एकच गोष्ट ठाण मांडून बसलेली होती. मला एकदा त्या घरात पाऊल टाकायचं होतं, आणि त्यांनी 'ये' म्हटल्याशिवाय टाकायचं नव्हतं. नवरा म्हणायचा, सुंभ जळला तरी तुमच्या घराण्याचा पीळ काही जळायचा नाही. मी त्याच्यावर चिडायचे, कारण तो बरोबर बोलायचा.

तर तो पेंढा. डिसेंबरच्या वीस-बावीस तारखेला कल्याणच्या चर्चजवळच्या गल्लीत नाताळचा बाजार भरायचा. गल्ली एरवी भाजीची. पण त्या आठवड्यात दोन्ही अंगाला बांबू उभे राहायचे आणि त्यांवर कागदी तारे लटकायचे, लाल, पिवळे, चंदेरी. त्यातले निम्मे दिवाळीचे उरलेले आकाशकंदील असत, शेपट्या कापून पुन्हा विकायला काढलेले. विकणारा भाऊ श्रावणात राख्या विकायचा, दिवाळीत कंदील, आणि आता सँताक्लॉजची टोपी घालून घाम पुसत उभा असायचा. खाली प्लास्टरच्या मूर्ती मांडलेल्या: मेरी, जोसेफ, तीन राजे, मेंढरं, उंट. कापसाचा बर्फ पाकिटातून मिळायचा. कल्याणला डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो, पण गोठ्यावर बर्फ पाहिजेच. पुढे केकचे पत्र्याचे साचे, कुलकुलांना नक्षी पाडायच्या फण्या, पेरूचं लाल पेराड वड्या पाडून ठेवलेलं, आणि सगळ्या गल्लीभर भाजलेल्या केकचा आणि मेणबत्त्यांचा वास. मला तो वास फार आवडायचा. आपला नव्हता, पण आवडायचा.

आणि गल्लीच्या टोकाला, गटाराच्या कडेला, पेंढा घेऊन बायका बसायच्या. कुणी शहापूरकडच्या, शेणव्याच्या, वाशिंदच्या, कुणी आमच्या मुरबाडकडच्या. ख्रिस्ती लोकांना नाताळात मूठभर पेंढा लागतो, हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे, पण पहाटेच्या गाडीला भारे टाकून त्या यायच्या आणि पेंढ्या सुट्या करून विकायच्या. केकच्या वासातून चालत तिथपर्यंत पोचलं की एकदम खळ्याचा वास यायचा. मी मुद्दाम सगळी गल्ली आधी फिरायचे आणि तो वास शेवटी ठेवायचे. मग प्रत्येकीसमोर बसून पेंढ्या चाचपायच्या, आणि एकच प्रश्न विचारायचा, "कुठला पेंढा, मावशी?" कुणीतरी एकदा आमच्या गावाचं नाव घेईल, मग मी सहज विचारल्यासारखं विचारीन, असं ठरवलेलं होतं. पाच वर्षं कुणीही घेतलं नाही. कुणी किन्हवली म्हणे, कुणी सरळगाव, आणि मी आपली पेंढी घेऊन घरी येई, गोठ्यात पसरताना नाकाला लावी, सासूबाई स्वयंपाकघरातून बघत आणि काही विचारत नसत.

सहाव्या वर्षी, दोन हजार चारच्या आसपास असेल, मी मुलीला बरोबर नेलं होतं. ती पाच वर्षांची. घरच्या गोठ्यातला बैल आदल्या वर्षी तिच्याच हातून पडून फुटला होता, म्हणून नवा बैल घ्यायचा होता. तिला उंट हवा होता. बैल की उंट यावर आमची तिथेच जुंपली. शेवटी टोपीवाला भाऊ म्हणाला, "बेबी, ऊंट तो राजा का है, घर का तो बैल होता है." तिला ते का कोण जाणे पटलं. तिने तो वीतभर बैल कागदात गुंडाळूसुद्धा दिला नाही, तसाच छातीशी धरून चालायला लागली. एक पेराडची वडी तिला, एक मला, असं चोखत आम्ही टोकाला पोचलो.

त्या वर्षी तिथे एकच बाई होती. डोंगराकडच्या वाडीवरची असावी, लुगडं वर खोचलेलं, मोठं कुंकू, समोर गोणपाटावर वीसेक पेंढ्या. मी सवयीने बसले आणि एक उचलली. आणि हात थांबला.

पेंढी कशी बांधतात हे ज्याने बघितलेलं नाही त्याला सांगते. मूठभर पेंढ्याचाच दोर वळायचा, तो पेंढीभोवती फिरवायचा, दोन्ही टोकांना पीळ द्यायचा आणि टोक आत खोचून द्यायचं. गाठ नसते, नुसता पीळ. सगळी माणसं तो उजवीकडे देतात. आमचे बाबा डावरे. त्यांचा पीळ डावीकडे जायचा आणि खोचही उलट्या अंगाने. पेंढी सोडायला गेलेला माणूस नेहमीसारखा हात फिरवी आणि ती आणखीच आवळत जाई. भावकीतले वैतागायचे. "डावऱ्याची पेंढी नि डावऱ्याचा राग, सुटता सुटत नाय," असं काका म्हणायचे. मला मात्र ती डोळे मिटून सोडता यायची, कारण मला पेंढी सोडायला त्यांनीच शिकवलं होतं.

मी पीळ उलटा फिरवला. पेंढी अलगद सुटली.

"ही कुणी बांधली, मावशी?"

"बांदली आसल कुनीतरी," ती म्हणाली. "तुला पेंढा होवा का बांदनारा?"

"डावरा म्हातारा आहे ना? घरासमोर आंबा आहे, बाजूला भावाचं घर?"

आता तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. "तू कोनाची गो पोरी?"

"त्यांचीच."

मला वाटलं, पेंढा बाबांनीच पाठवला. इतक्या वर्षांनी, तोंडाने नाही तर नाही, पण पेंढीने बोलावलं. डोळे भरून आले, तिथे त्या गर्दीत, टोप्या विकणाऱ्यांच्या पिपाण्या वाजत असताना. मुलगी विचारत होती, मम्मी, काय झालं, आणि मी हसत होते.

आणि हसता हसताच आठवलं. बाबा पेंढा विकत नसत. गावात बाकीचे विकायचे, वीटभट्टीवाले येऊन ट्रक भरून न्यायचे, पण बाबांनी उभ्या जन्मात काडी विकली नाही. दाणा आपला, पेंढा बैलांचा, असा त्यांचा हिशेब. अडीनडीला भात विकलं, आईची पाटली विकली, पण पेंढ्याला कुणी हात लावू म्हटलं तर म्हणायचे, "त्यो माजा नाय, त्यांचा हाय, त्यांना इचार." आणि गोठ्याकडे बोट दाखवायचे.

"बैल कुठे आहेत?" मी विचारलं.

"बैल?" बाई पेंढ्या सारख्या करत म्हणाली. "म्हशाच्या बैलांच्या जत्रंच्या आदी येक पोट फुगून मेला. राह्यला दुसरा. येकल्या बैलाचं काय करतंस? जत्रंत इकला. आवंदा पुतन्याच्या ट्रॅक्टरनं जमीन नांगरली. तुजा बापूस शेतावं जात नाय आता. डोल्यांत मोती पडलाय, निस्ती सावली दिसते. कापून घे म्हनतात समदी, तर नको म्हनतंय."

"आणि पेंढा? पेंढा तुम्हाला विकला त्यांनी?"

"इकला कसला. पडून कुजल, म्हनून फुकाट दिला. कुटं नेतीस, म्हनला. मी म्हनलं, कल्यानला, नाताळवाल्यांकडं. तर लगीच देत नाय. दोन दिस खल्यात बसला, समद्या पेंढ्या सोडल्यान, हातानं चाचपून कुजकी काडी काढून टाकली नि परत बांदल्यान. मी म्हनलं, आवो, गोठ्यात पसरायचाय, कोन बगतंय. आयकत नाय."

मी त्या गोणपाटाच्या कडेला जमिनीवरच बसले. सहा वर्षं मी त्यांच्या 'ये'ची वाट बघत होते. आणि तिकडे ते डोळ्यांसमोर सावल्या घेऊन, रिकाम्या गोठ्याशेजारी बसले होते, आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी नर्स. रोज लोकांच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होते. माझा इतका राग आला मला, की सांगता येत नाही. माझा सगळा ताठा तिथेच गटाराच्या कडेला गळून पडला, आणि मग फक्त भीती उरली, की गेले आणि त्यांनी आत घेतलं नाही तर.

कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे लाल कॉइनबॉक्स होता. लोकोशेडला फोन लावला. नवऱ्याला बोलावून आणेपर्यंत दोन नाणी गेली.

"मी गावी चाललेय. पोरीला घेऊन. आत्ताच."

तो म्हणाला, "जा. आईला मी सांगतो."

"नाताळ तोंडावर आलाय. घरात एवढी कामं..."

"तू नसलीस तर कुलकुलं बरी होतील," तो म्हणाला. "जा तू. पैसे आहेत ना?"

त्याच्यावर रागवायलाही मला वेळ नव्हता. बाईकडून चार पेंढ्या घेतल्या, कारण मुलगी बैलासाठी पेंढा घेतल्याशिवाय हलायला तयार नव्हती, आणि आम्ही एसटी स्टँडवर आलो. गाडीत कंडक्टरने तिकिटाकडे पाहिलं, पायाशी ठेवलेल्या पेंढ्यांकडे पाहिलं. "ताई, टोकावड्याकडं पेंढा नेताय? उद्या दर्याकाठी मीठ न्याल." पुढच्या बाकावरचे दोघे हसले. मी म्हटलं, "लागलं तर तेही नेईन. तुम्ही तिकीट फाडा." तेवढं भांडल्यावर मला जरा धीर आला.

मुरबाड गेलं. पुढे कापलेली शेतं लागली, बांधावर पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या, कुठे कुठे ओल धरून वाल पेरलेले. मुलगी खिडकीतून बैलाला सगळं दाखवत होती. मी काय बोलायचं त्याची उजळणी करत होते. बाबा, मी आलेय. बाबा, चुकलं. छे, चुकलं कशाला, लग्न काही चुकलेलं नव्हतं. बाबा, तुमचे डोळे दाखवायचेत, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. हे बरं वाटलं, म्हणून फाट्यावर उतरेपर्यंत तेच घोकलं. उतरल्यावर पायवाटेने चालताना तेही विसरले. वाट विसर म्हणाले होते, पण पाय आपोआप वळत होते, ओढ्यातला कुठला दगड हलतो हेसुद्धा पायांना आठवत होतं. मला रडू येत होतं आणि मी मुलीला म्हणत होते, जरा धूळ गेली डोळ्यात.

चारचा सुमार असेल. बाबा अंगणात आंब्याखाली गोणपाटावर बसले होते. सहा वर्षांत एवढा वाळतो माणूस? खांदे खाली आले होते, दाढी पांढरी झाली होती. बाजूचा गोठा स्वच्छ झाडलेला, दावी खुंटीला नीट गुंडाळून ठेवलेली. पावलं वाजली तशी त्यांनी मान आमच्या दिशेला केली.

"कोन हाय?"

उजळणी केलेलं सगळं गेलं. तोंडून एवढंच आलं, "पेंढा..." तेही शहरात बोलतात तसं, परक्यासारखं.

"पेंढा पायजेल? बसा की. तुमी लांबून आलेल्या दिसता." त्यांनी बाजूला सरकून गोणपाट चाचपून सारखं केलं.

माझा बाप मला 'तुमी' म्हणाला. ज्याने माझ्या वेण्या घातल्या तो. 'चालती हो' म्हणाला असता तर मी उभी राहिले असते, पण ते 'तुमी' ऐकून मी खाली बसले. काकांच्या दाराला कडी होती, शेतावर गेले असावेत सगळे. मुलगी आमच्या मधून थेट गोठ्यात बघायला पळाली.

मी हातातल्या पेंढ्या खाली ठेवल्या. त्यांचा हात सहज पडला, पेंढीवरून फिरला, पिळावर थांबला. बोटांनी खोच तपासली.

"ही तर आमची पेंढी. कुठून आणलीत?"

"कल्याणहून. बाजारातून."

त्यांचा चेहरा पडला. "वाईट निगाली का? म्हनून परत घेऊन आलात एवढ्या लांब?" ते घाईघाईने पेंढी पालथी करून काड्या चाचपू लागले. "कुजका नवता हो दिला मी. येकयेक काडी हातानं बगून दिली. दिसत नाय मला, पन हाताला कळतं. कुठं कुजलाय दाखवा. दुसऱ्या देतो, उडवीतल्या वरच्या काडून देतो. पैसं नका देऊ."

"कुजका नाही," मी म्हटलं. आवाज मोठा काढला तर ओळखतील आणि बारीक काढला तर फुटेल, अशी माझी गत झाली होती. "चांगला आहे. फार चांगला आहे."

"मंग बरं." त्यांनी पेंढी मांडीवर घेतली. मग कुणाही परक्याला सांगावं तसं सांगू लागले. "आमची पोर आसते कल्यानला. तिच्या घरात नाताळ करतात. त्या लोकांना पेंढा लागतो, म्हाईत नवतं मला. वाडीवरची बाय म्हनाली तवा कळलं. म्हनलं, कल्यान केवडं मोटं, तिच्या घरी हाच जाईल आसं नाय. पन गेलाच तर चांगला जावा."

आंब्यावर कावळा ओरडत होता.

"ती येत नाही का?" मी विचारलं.

"नाय येत. रागावलीय." ते हसले, तोंडात दात थोडेच राहिले होते. "मीच बोललो तिला वंगाळ. तिचं पत्र आलं, पोर झाल्याचं. पुतन्याकडनं तीनदा वाचून घेतलं. काय ल्ह्यावं सुचंना, म्हनून ऱ्हायलं. मंग उशीर झाला. मंग वाटलं, आता कुठल्या तोंडानं. तिचा राग लय वाईट. माज्यावर गेलीय."

एवढी वर्षं मी मोजत होते त्यांचा राग, आणि ते मोजत होते माझा. मला ओरडून सांगायचं होतं, बाबा, मी रागावलेली नाही हो, केव्हाच नाही. तेवढ्यात मुलगी गोठ्यातून धावत आली, माझ्या खांद्याला लोंबकळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मम्मी, हेच तुझे बाबा ना?"

पेंढीवरचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं नाही. समोर, अंगणाकडेच बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आता काय बोलायचं ते बोला, उठ म्हणालात तरी चालेल, पण 'तुमी' नका म्हणू.

"पोरी, हकडं ये," ते म्हणाले. मला नाही, तिला.

ती गेली. परक्या माणसाला न बुजणारं पोर, तिने हातातला बैल सरळ त्यांच्या हातात दिला. "हा आमचा बैल. नवीन आहे. येशूबाळाच्या गोठ्यात ठेवायचाय."

त्यांनी बैल चाचपला. शिंगं, वशिंड, पाय, सगळं बोटांनी पाहिलं, जत्रेत जनावर पारखतात तितक्या मन लावून. "वशिंड लहान हाय. शिंगं बरी हायेत. जोडीचा कुठं हाय?"

"एकच असतो. दुसरं गाढव आहे."

"बैल नि गाढव?" बाबांनी भुवया वर केल्या. "येका जुवाला? तरी बरं, नांगराय नाय लागत त्यास्नी."

मी हसले. हसता हसता रडायला लागले, आणि ते आवाजाने त्यांना कळलं असणार, कारण त्यांनी बैल मांडीवर ठेवला आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. तरीही ते माझ्याशी बोलले नाहीत. सहा वर्षांचा अबोला, त्यांना पहिला शब्द सापडत नव्हता. मलाही सापडत नव्हता. पाचच मिनिटांपूर्वी दोघं किती बोललो होतो. आता मुलगी एकटीच बोलत होती, केकचं, कुलकुलांचं, आणि मम्मीची कुलकुलं तेलात कशी सुटतात त्याचं, आणि ते हं हं करत ऐकत होते.

ऊन डोंगराच्या माथ्यावर गेलं. शेवटी मीच उठले. त्यांनी बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता उंबरा ओलांडायचं मला आता धाडसच नव्हतं. पदर सारखा केला आणि मुलीला म्हटलं, "चल गं. निघू या."

बाबांनी काठी चाचपली. उठताना त्यांचा तोल जरा गेला, मी हात पुढे केला, पण तोवर त्यांनी मुलीचा खांदा धरला होता. तिच्याकडे वाकून ते म्हणाले, "तुज्या आयला सांग, शेवटची यष्टी गेली."

तेव्हा साडेपाचसुद्धा वाजले नव्हते. फाट्यावरून कल्याणला शेवटची गाडी साडेसातला जाते, हे आमच्या गावात कोंबड्यांनाही पाठ आहे. मी शाळेत होते तेव्हापासून ती वेळ बदललेली नव्हती, आणि रोज त्या गाडीच्या आवाजावर बाबा बैलांना पाणी दाखवायचे.

"मम्मी, आजोबा म्हणतात गाडी गेली," मुलगी म्हणाली.

"आजोबांना सांग," मी म्हटलं, "हो, गेली." आणि चपला काढून मी चूल पेटवायला आत गेले.